वेश कचेरीचा, प्रतिष्ठा कोणाची?

हुबळीचा कोप्पीकर रोड हा उत्तर कर्नाटकातील नोकरदार वर्गाचा आरसा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. दुर्गदबैल, ब्रॉडवे, दाजिबान पेठ अशा जुन्या पेठांच्या सान्निध्यातील या रस्त्यावर कापडाची, तयार कपड्यांची आणि पादत्राणांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून याच शहरात आहे. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, महाविद्यालये यांचा पसारा मोठा आहे. आणि शेजारच्या धारवाडात उच्च न्यायालय २००८ पासून बसते आहे. एवढ्या कचेऱ्यांत दररोज सकाळी शिरणाऱ्या माणसाला अंगावर काहीतरी ‘शोभेसे’ हवे असते. नेमणुकीचा हुकूम हाती पडला की तरुण मुलगा किंवा मुलगी प्रथम अशाच एखाद्या बाजाराची वाट धरते. पगार सुरू होण्यापूर्वी खर्च सुरू होतो. दोन पॅन्टी, तीन सदरे, बुटांचा एक जोड, किंवा चार बऱ्यापैकी साड्या. बहुधा वडिलांच्या खिशातून अथवा उसनवारीने. नोकरीची ही पहिली पायरी कोणत्याही सेवानियमांत लिहिलेली नसते. परंतु ती चुकलेली मात्र कोणाला नाही.

हा खर्च कोणाच्या मर्जीने करावयाचा, हा प्रश्न अलीकडच्या काळात अनेकदा ऐरणीवर आला. महाराष्ट्र शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी एक परिपत्रक काढून आपल्या अधिकाऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी कचेरीत काय घालावे आणि काय घालू नये हे ठरवून दिले. पुरुषांनी शर्ट-पॅन्ट, महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, अथवा ट्राउझर आणि त्यावर कुर्ता वा शर्ट असा पोशाख करावा. जीन्स आणि टी-शर्ट वापरू नयेत. गडद रंगांचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत. पायांत स्लीपर नसावी. आणि आठवड्यातून निदान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, असा त्याचा आशय होता. विशेष म्हणजे कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागार यांच्या अव्यवस्थित वेशामुळे शासनाची प्रतिमा मलिन होते, असे कारणही त्यात दिलेले होते. काही महिन्यांतच, मार्च २०२१ मध्ये, जीन्सवरील बंदी उठविण्यात आली, टी-शर्टवरील राहिली. पुढे मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. शिक्षकाने सदरा पॅन्टीत खोचलेला असावा, येथपर्यंत शासनाची नजर पोहोचली.

वेशाला काहीच अर्थ नसतो, असे आम्ही म्हणणार नाही. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण ज्या समाजाने रूढ केली, त्या समाजाला कपड्याचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते. सार्वजनिक कामाच्या जागी माणूस नीटनेटका असावा, त्याच्याकडे पाहून समोरच्याला संकोच वाटू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. शिवाय काही कामांत वेश हाच कामाचा भाग असतो. पोलीस शिपाई गर्दीत ओळखू आला पाहिजे. परिचारिकेचे कपडे रोज धुतलेले आणि संसर्ग न पसरविणारे असले पाहिजेत. रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्याचे जाकीट दुरून येणाऱ्या इंजिनचालकाच्या डोळ्यांत भरलेच पाहिजे. अशा गणवेशाबद्दल वाद संभवत नाही, कारण त्याचे कारण सांगता येते. वाद सुरू होतो तो कारण सांगता न येणाऱ्या नियमापाशी. स्वच्छ जीन्समध्ये लिहिलेली टिप्पणी चुकीची आणि मळकट टेरिकॉटच्या पॅन्टीत लिहिलेली बिनचूक, असे तर कोणी म्हणत नाही! मग उरते ती केवळ वरिष्ठांची आवड. आणि आवडीस नियमाचे रूप दिले की तिला अधिकाराचा दर्प चढतो.

हा दर्प आपल्याकडे कोठून आला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कंपनी सरकारच्या काळात एतद्देशीयांनी साहेबापुढे जाताना जोडे बाहेर काढावेत, असा दंडक होता. लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत तो अधिक कडक झाला, आणि सूट मिळाली ती युरोपीय पद्धतीचा पोशाख करणाऱ्यांना. म्हणजे जोडा तोच, पाय तोच. केवळ पोशाख बदलला की माणसाची प्रत बदलली! १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एंटी या असेसराने सत्र न्यायाधीशापुढे जोडे काढण्यास नकार दिला, तेव्हा एवढ्याशा गोष्टीवरून केवढा गहजब झाला. सुरत आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे त्या काळी मुंबई इलाख्यातच होते. कचेरीच्या उंबरठ्यावरचा हा अपमान दोन्हींकडे सारखाच परिचयाचा असणार.

या अपमानास आपल्या थोर पुरुषांनी जी उत्तरे दिली, ती आजच्या परिपत्रकांपेक्षा कितीतरी बोलकी आहेत. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. जरीकाठी पोशाखांच्या त्या मेळाव्यात त्यांनी राजपुत्रास सांगितले की, येथे जमलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा पाहावयाची तर खेड्यांत जावे. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पंचा स्वीकारला तो दारिद्र्याचे कौतुक म्हणून नव्हे, तर देशातील कोट्यवधींना जेवढे वस्त्र मिळते त्याहून अधिक आपल्या अंगावर असू नये म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी उलटी वाट धरली. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना सांगितले की, तुमच्या जातीची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्या, अंगावरचे जड दागिने उतरवा. स्वतः त्यांनी आयुष्यभर सूट-बूट घातला, आणि त्यांच्या लेकरांनी तो अभिमानाने स्वीकारला. एकाने वस्त्र उतरविले, दुसऱ्याने चढविले. परंतु कपड्यावरून माणसाची पायरी ठरविण्याचा हक्क दोघांनीही अमान्य केला. सत्ताधाऱ्यांनाही कपड्याची भाषा चांगली कळत होती. म्हणूनच १९३० साली गुंटूरमध्ये गांधी टोपी घालण्यावर बंदी आली. पांढऱ्या कापडाच्या एका घडीला साम्राज्य घाबरले!

अशा परंपरेच्या देशात स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी काय घडावे? जुलै २०२४ मध्ये हावेरी जिल्ह्यातील एक वृद्ध शेतकरी आपल्या मुलासह बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये चित्रपट पाहावयास गेला. जवळ तिकिटे होती. परंतु अंगात पांढरा सदरा आणि कमरेला धोतर होते, म्हणून त्याला दारातच अडविण्यात आले. पॅन्ट घालून या, असे सांगण्यात आले. हावेरी म्हणजे पूर्वीच्या अखंड धारवाड जिल्ह्याचा भाग. हा शेतकरी म्हणजे कोप्पीकर रोडच्या दुकानांत सणासुदीला धोतरजोडी खरेदी करणाऱ्या हजारोंपैकीच कोणीतरी म्हणावयाचा. गदारोळ झाला, विधिमंडळात चर्चा झाली, सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचे फर्मान सोडले. त्याआधी काही महिने, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच शहरात मेट्रोच्या एका स्थानकावर डोक्यावर गाठोडे घेतलेल्या शेतकऱ्यास कपडे मळके म्हणून अडविण्यात आले होते, आणि त्या प्रकरणी संबंधित सुरक्षा कर्मचाऱ्यास कामावरून काढण्यात आले.

या दोन घटनांत एक विपरीत योग आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. धोतरवाल्यास अडविणारा पहारेकरी स्वतः कोण होता? गणवेशात कोंबलेला, बहुधा कंत्राटी, आणि आपल्या मालकाच्या मनातील ‘शोभनीय’ वेशाची कल्पना इमानेइतबारे राबविणारा एक गरीब माणूस. शिक्षा झाली ती मेट्रोच्या त्या कर्मचाऱ्याला आणि टाळे लागले ते मॉलच्या दाराला. परंतु ज्या वृत्तीने त्याला दारात उभे केले, ती सुखरूप राहिली. वेशाची शिस्त आधी नोकरावर लादली जाते आणि मग नोकराच्या हातून ती ग्राहकावर, अर्जदारावर, पक्षकारावर लादली जाते. कचेरीतील कारकुनाला सदरा खोचावयास शिकवून जर त्याच्या मनात खिडकीपलीकडच्या घोंगडीवाल्याविषयी तुच्छता रुजत असेल, तर त्या शिस्तीने शासनाची प्रतिमा उजळली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तामिळनाडूने या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले. जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनाच धोतर नेसल्यामुळे चेन्नईतील एका क्लबात प्रवेश नाकारला गेला. ऑगस्टमध्येच त्या राज्याने कायदा केला, की तमिळ अथवा अन्य भारतीय पारंपरिक वेशाच्या कारणावरून क्लब, सभागृहे, उपाहारगृहे अशा ठिकाणी प्रवेश नाकारणे हा गुन्हा होय. त्यास एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपयांपर्यंत दंड. न्यायाधीशाला अडविले तेव्हा कायदा झाला आणि शेतकऱ्याला अडविले तेव्हा सात दिवसांचे टाळे लागले, हा भेद बोलका आहे. कर्नाटकाला आणि महाराष्ट्रालाही असा कायदा करावयास कोणी हरकत घेतलेली नाही.

न्यायालयांचीही या प्रकरणी एक कहाणी आहे. २०२२ मध्ये पाटणा उच्च न्यायालयापुढे एक ज्येष्ठ सनदी अधिकारी कोटाविना, गळ्याशी उघड्या सदऱ्यानिशी उपस्थित झाले. जूनचा महिना असूनही न्यायमूर्तींनी त्यांना भर न्यायालयात खडसावले. पुढे ३ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्यांना न्यायालयात बोलावण्याविषयी कार्यपद्धती घालून दिली, तीत स्पष्ट सांगितले की, अधिकाऱ्याने स्वतःच्या कार्यालयाची वेशविषयक शिस्त मोडलेली नसेल, तर न्यायालयाने त्याच्या पोशाखावर वा दिसण्यावर टीका करू नये. देशातील सर्वोच्च न्यायपीठाने स्वतःच्या खालच्या पीठांना घातलेला हा लगाम प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचा आहे. नियम असेल तर नियम दाखवा. नसेल तर मौन पाळा.

वकिलांच्या काळ्या कोटाचेही तेच. इंग्लंडच्या थंडीतून आलेला हा कोट किनारपट्टीच्या दमट हवेत चढविणे म्हणजे घामाची शिक्षाच. वकील परिषदेच्या नियमांनी सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता अन्यत्र उन्हाळ्यात तो ऐच्छिक ठेवला आहे. म्हणजे तालुक्याचा वकील उन्हाळ्यात मोकळा, आणि उच्च न्यायालयाचा मात्र भर वैशाखातही जखडलेला. ‘जसा देश तसा वेश’ असे आपण म्हणतो, पण ते पाळतो कोण? जपान हा शिष्टाचाराच्या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी कडक देश. त्याने २००५ साली उन्हाळ्यात टाय आणि जाकीट उतरवून कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवण्याची मोहीम सुरू केली, आणि खुद्द पंतप्रधान टायविना कामावर जाऊ लागले. आपल्याकडेही मे २०२४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्या कर्मचाऱ्यांना सोमवारी इस्त्री न केलेले कपडे घालण्याचे आवाहन केले. उद्देश हा, की तेवढीच वीज वाचावी. ज्या सुरकुतीला एक कचेरी बेशिस्त म्हणते, तिलाच दुसरी देशसेवा म्हणते. तेव्हा शोभनीयतेची व्याख्या ब्रह्मदेवाने कोरून ठेवलेली नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

स्त्रियांच्या बाबतीत हा जाच दुप्पट होतो. पुरुषाच्या वेशाविषयीचा नियम दोन शब्दांत संपतो. स्त्रीच्या वेशाविषयीचा नियम ओढणीपर्यंत जातो. धावत्या बसमध्ये चढणारी, दुचाकी चालविणारी, दोन मैल चालून शाळेत जाणारी शिक्षिका कोणत्या वेशात अधिक सुखाने काम करील, हे तिला विचारण्याऐवजी तिच्याविषयी ठरविले जाते. केरळ शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की, शिक्षिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही. साडी हे सुंदर वस्त्र आहे. इरकलीच्या काठापदराचे कौतुक या भागात कोणाला सांगावयास हवे? परंतु आवडीने नेसलेली साडी आणि हुकुमाने नेसलेली साडी यांत, देवदर्शनाला चालत जाणे आणि बेड्या घालून चालविले जाणे, एवढा फरक आहे.

आणि ज्यांच्याविषयी कोणतेच परिपत्रक निघत नाही, त्या दुकानांतील मुलींचे काय? मोठमोठ्या कापडदुकानांत एकरंगी साड्या नेसून, हसतमुखाने, सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या राहणाऱ्या मुली आज प्रत्येक शहरात दिसतात. त्यांचा वेश दुकानाच्या शोभेसाठी असतो. त्यांच्या पायांचा विचार त्यात नसतो. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारातील अशाच स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. त्याचे फळ म्हणून केरळने २०१८ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने तिचे अनुकरण केले. गणवेश कोणता हे मालकाने ठरवावे, पण स्टूल मात्र मागू नये, ही आमच्या बाजारपेठांची रीत असेल, तर कोप्पीकर रोडच्या व्यापाऱ्यांनी कायद्याची वाट न पाहता ती मोडून दाखवावी. एका स्टुलाची किंमत एका साडीहून अधिक नसते.

आता खादीच्या शुक्रवाराविषयी. या आज्ञेचे स्वागत करावयास आम्हांस आनंद वाटला असता. परंतु आज्ञा करणाऱ्यांचे हात त्यांच्याच जिभेला साथ देत नाहीत. कोप्पीकर रोडपासून थोड्याच अंतरावर, हुबळीच्या बेंगेरी भागात, १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. धारवाडजवळच्या गरगसारख्या गावांतून हातमागाची परंपरा जपली गेली, आणि बेंगेरीत भारतीय मानकांप्रमाणे राष्ट्रध्वज शिवले जाऊ लागले. सूत, वीण, रंग, शिलाई, सारे काटेकोर तपासून. आणि हे काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया. या राष्ट्राचा ध्वज या हातांनी शिवला. डिसेंबर २०२१ अखेरीस ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर बनविलेल्या, पॉलिएस्टरच्या ध्वजासही मुभा मिळाली. २०२२ मध्ये घरोघरी तिरंगा फडकविण्याची मोहीम निघाली, तेव्हा ज्यांच्या घरी सर्वांत आधी दिवाळी व्हावयाची, त्या बेंगेरीच्या संघास मागणी घटल्याचे सांगत निदर्शने करावी लागली. ध्वज पॉलिएस्टरचा आणि कारकुनाचा सदरा शुक्रवारपुरता खादीचा! शासनाला खादीचे खरोखर प्रेम असेल, तर त्याने प्रथम आपले पडदे, चादरी, गणवेश आणि ध्वज खादीचे घ्यावेत, त्याचे पैसे वेळेवर चुकते करावेत, आणि मग कर्मचाऱ्याच्या अंगाकडे बोट दाखवावे.

पैशाचा मुद्दा निघालाच आहे, तर तोही स्पष्ट बोललेला बरा. जो वेश ठरवितो त्यानेच त्याचा खर्च सोसावा, हा न्याय आहे. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये गणवेशाचे आणि धुलाईचे निरनिराळे भत्ते एकत्र करून वार्षिक वेशभत्ता सुरू केला; त्याची सर्वांत खालची पायरी त्या वेळी ५,००० रुपयांची होती. रक्कम थोडी म्हणावी, पण तत्त्व बरोबर आहे. २०२० च्या परिपत्रकाने ज्या कंत्राटी कर्मचाऱ्याच्या वेशावर प्रथम बोट ठेवले, त्याच्या पदरात कायम नोकरी नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि उद्याची शाश्वती नाही. त्याच्याकडून साहेबी वेशाची अपेक्षा करणे म्हणजे अंगणात भात सांडून कोंबडीला उपवासाचा उपदेश करणे होय. त्याच्या अंगावरील स्वस्त टी-शर्ट हा उद्धटपणा नसून त्याच्या पगारपत्रकाची नक्कल आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. कामाच्या स्वरूपाने जेथे विशिष्ट वेश आवश्यक आहे, तेथे तो खुशाल ठरवावा, त्याचे कारण लिहून द्यावे आणि खर्च कचेरीने द्यावा. अन्यत्र ‘स्वच्छ आणि नीटनेटका’ हे तीन शब्द पुरेसे मानावेत. वेशाचा निर्णय घेताना ज्यांनी तो घालावयाचा, त्या कर्मचाऱ्यांशी, विशेषतः स्त्रियांशी, आधी बोलावे. आणि प्रत्येक अशा परिपत्रकाचे शेवटचे कलम हे असावे, की धोतर, लुंगी, घोंगडी, नऊवारी अथवा फाटका सदरा घालून आलेल्या कोणाही नागरिकास त्याच्या कपड्यावरून थांबविणारा, ताटकळत ठेवणारा किंवा एकेरीत बोलावणारा कर्मचारी शिस्तभंगास पात्र राहील. हे कलम आजवर कोणत्या वेशसंहितेत आमच्या पाहण्यात आलेले नाही. आणि तेच सर्वांत आधी हवे होते.

सरकारी कचेरी ही प्रजेची आहे, आणि या देशाची बहुसंख्य प्रजा खोचलेल्या सदऱ्यात राहात नाही. जोतीरावांनी राजपुत्राच्या मेजवानीत शेतकऱ्याचा वेश नेला, त्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. त्या वेशाला त्या रात्री दारातून आत येऊ दिले गेले. परक्या राजवटीतील मेजवानीचे दार जेवढे उघडे होते, निदान तेवढे तरी स्वराज्यातील कचेरीचे दार उघडे असावे, एवढीच आमची मागणी आहे.